स्पेक्ट्रम फक्त बड्या कंपन्यांनाच? खुलासा

'स्पेक्ट्रम म्हणजे कोट्यवधींचा लिलाव, तिथे छोट्यांचं काम नाही,' हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइलसारख्या बिनतारी संपर्काला लागणाऱ्या रेडिओ लहरी. लिलावातली बोली मोठ्या प्रदेशावरच्या हक्कासाठी लागते. गावाला किंवा कारखान्याला एवढा हक्क हवाय कशाला?

ब्रिटनच्या ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, 2019 मध्ये 3.8 ते 4.2 गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात स्थानिक परवाने सुरू केले. लिलाव नाही, नुसता अर्ज. कमी शक्तीच्या परवान्यात 50 मीटर त्रिज्येचं वर्तुळ मिळतं. म्हणजे एखादं गोदाम किंवा शेतावरचा गोठा. या पट्ट्यातल्या 10 मेगाहर्ट्झच्या तुकड्यासाठी तेव्हा ठरलेली फी वर्षाला अवघी 80 पौंड! आधीच्या वापरकर्त्यांना अडथळा होणार नाही ना, हे मात्र नीट तपासलं जातं. लहर वापरून संपत नाही. पुरेशा अंतरावर तीच पुन्हा दुसऱ्याला देता येते.

छोटं गावही हे करू शकतं: मेक्सिकोत तालेया दे कास्त्रो या डोंगरी गावाने 2013 मध्ये स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभारलं.