संकेतस्थळाची पारख (ग्रामीण विदर्भ)

इंटरनेटवरची माहिती वापरण्याआधी ती देणारे संकेतस्थळ भरवशाचे आहे का, हे तपासून घेण्याची रीत. पऱ्हाटीवर (कपाशीवर) कोणते औषध मारायचे, कापसाचा भाव काय, सौर पंपाचा अर्ज कुठे भरायचा, हे विदर्भातला कास्तकार आता मोबाईलवर शोधतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा मुलखात औषधाची चुकीची मात्रा सांगणारे पान जिवावर बेतू शकते.

आधी पत्ता पाहावा. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणेलाच मिळतो, ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांना. ‘डॉट कॉम’ किंवा नुसते ‘डॉट इन’ पैसे भरून कोणीही घेतो. बनावट पत्त्यात ‘जीओव्ही’ मधेच कुठेतरी घुसडलेले असते आणि शेवट ‘डॉट कॉम’ निघतो. म्हणून संकेतस्थळाचे नाव जिथे संपते, म्हणजे त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी, काय लिहिले आहे ते वाचायचे. सौर पंपाच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने नोंदणीचे पैसे उकळणाऱ्या अशा स्थळांबद्दल केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सावध करावे लागले आहे. पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नये. पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते सांगते. कुलूप चोराच्या घरालाही असते.

शेवटावरून सगळेच ठरत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे स्थळ कित्येक वर्षे ‘ओआरजी डॉट इन’वर होते आणि ते अस्सलच होते. अशा वेळी मूळ संस्थेच्या, इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, स्थळावरून तिथे पोचता येते का ते बघावे.

तारखेकडे मात्र सर्वात कमी लक्ष जाते. मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल या कीटकनाशकावर केंद्राने २०२३ च्या आदेशाने बंदी आणली. ते फवारायला सांगणारे त्याआधीचे लिखाण आपोआप पुसले जात नाही. लिहिणारा प्रामाणिक असला तरी ते पान आज वापरायचे नाही. तारीखच नसलेला फवारणीचा सल्ला तर सरळ सोडून द्यावा.

दहा ठिकाणी तेच लिहिले आहे, हा पुरावा धरू नये. एखादे वाक्य जसेच्या तसे शोधून पाहिले की शुद्धलेखनाच्या चुकीसकट तेच सगळीकडे उतरवलेले सापडते. तो साक्षीदार एकच. पडताळ्याला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची (स्थापना १९६९) शिफारस घ्यावी आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल. लेबलवर आपले पीक नसेल, तर त्या पानाचे ऐकू नये. ‘पंपाला ३० मिली’ असे लिहून फवारणीचा पंप किती लिटरचा हे न सांगणारे पानही कामाचे नाही. सल्ल्याखालीच तेच औषध विकायला ठेवले असेल, तर दुसरीकडे विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

बऱ्याच घरांत मोबाईल वाचते पोरगी आणि वावरात फवारतो बाप. तिथे आकडा तोंडी सांगू नये. कागदावर लिहून, लेबलशी ताडून पंपापाशी न्यावा.