पांढरी दोनची गिटार

चवथीच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, सुपारीचे घोस बांधत होतो आणि खाली भाची गिटारच्या खुंट्या उलट्या पिळत होती. ‘तार तोडशील,’ मी वरूनच म्हणालो. बोललो ते चुकीचं होतं. तार तुटते चढवताना, उतरवताना नाही.

तिने सहापैकी तीन तारा एकेक पूर्ण स्वर खाली आणल्या होत्या. गिटारची नेहमीची जुळणी जाड तारेपासून ई-ए-डी-जी-बी-ई अशी असते, ती झाली डी-ए-डी-जी-ए-डी. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने ती प्रचारात आणली. मोरोक्कोतल्या ऊदवादकांबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने तारा उतरवल्या असं सांगतात. आपल्या कानाला मात्र मोरोक्कोपर्यंत जायची गरज नाही. डी म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. तिला सा धरलं की मोकळ्या तारा बोलतात: सा प सा म प सा. आमच्या गोव्यातल्या फोंडा भागात भजन-नाटकांत वाढलेल्या माणसाला हे ऐकून तंबोराच आठवणार.

आणि खरोखर तंबोऱ्यासारखंच काहीतरी घडत असतं. नेहमीच्या जुळणीत जाड तार सेकंदाला 82.4 वेळा कंप पावते, उतरवल्यावर 73.4 वेळा. पण तार कधी एकच स्वर बोलत नाही. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वरही तिच्यातून निघतात: 147, 220, 294 हर्ट्झ. आता बाकीच्या तारा बघा, मोजायच्या बारीक तारेकडून. चौथी तार 147ची, दुसरी 220ची, पहिली 294ची. आणि पाचवी 110ची, म्हणजे तिचा दुप्पट उपस्वर पुन्हा 220च. जाड तार छेडली की पाचपैकी या चार तारा न छेडता हलू लागतात. यालाच अनुनाद म्हणतात. नेहमीच्या जुळणीतही जाड तारेला साथीदार असतात, पण इतके नाहीत.

हे डोळ्यांनी बघता येतं. कागदाची बोटाच्या पेराएवढी पट्टी मधोमध दुमडा आणि चौथ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या सळईच्या) वर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, घोड्यावर बसवल्यासारखी ठेवा. जाड तार जोरात छेडली की पट्टी उडी मारते. तीच पट्टी पाचव्या तारेच्या मध्यावर ठेवली तर जवळपास ढिम्म राहते. पाचवी तार हलत नाही असं नाही. ती दोन भागांत हलते आणि मध्यबिंदू स्थिर राहतो. पट्टी पाचव्या फ्रेटवर, तारेच्या पाव लांबीवर सरकवा, लगेच थरथरते. आम्ही हे माटोळी अर्धी टाकून केलं, आणि बोलणीही खाल्ली.

बोलणारे बाबा. पण ऐकता ऐकता तेच म्हणाले, ‘पंचम जरा उतरलाय.’ भाचीने मोबाईलचा ट्यूनर दाखवला: 110.0, सुई बरोबर मध्यावर. तरी बाबा बरोबर होते. शुद्ध पंचम षड्जाच्या दीडपट असतो, म्हणजे 73.42च्या हिशेबाने 110.13. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, त्यात पंचम केसभर खाली राहतो. हा फरक कानाला कळतो तो 220च्या जागी. जाड तारेचा तिप्पट उपस्वर 220.25, पाचवीचा दुप्पट 220.00. दोन्ही एकत्र वाजले की आवाज साधारण चार सेकंदांतून एकदा फुगतो आणि ओसरतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. तंबोरा लावणारा हीच लाट थांबेपर्यंत मणी सरकवत असतो. भाचीने खुंटी एवढीशी चढवली आणि लाट थांबली.

मला स्वतःला जास्त गंमत वाटते ती त्या 73 हर्ट्झची. गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास जोरात डोलते. घुमट या आमच्या मातीच्या वाद्याच्या उघड्या तोंडावर हात ठेवून-काढून वादक आवाज बदलतो, तिथेही खेळ पोकळीतल्या हवेचाच. या पातळीच्या खाली गिटारचं पोट फारशी साथ देत नाही. म्हणजे 73चा मूळ स्वर बाहेर येतो तो अगदी क्षीण. मग तो खर्ज आपल्याला इतका भरदार कसा ऐकू येतो? कानावर 147, 220, 294 पडतात, मेंदू त्यांच्यातलं सारखं अंतर हेरतो आणि 73चा स्वर स्वतःच भरून काढतो. ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने 1840च्या दशकात सायरनवर प्रयोग करताना हे पाहिलं होतं. मोबाईलच्या इवल्या स्पीकरवर तबल्याचा बायाँ ऐकू येतो, त्यातही या करामतीचा वाटा आहे.

उतरवण्याची किंमतही मोजावी लागते. तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक स्वर खाली आलं की ताण सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. दहा किलो असेल तर आठ उरतो. सैल तार जास्त झुलते आणि फ्रेटवर आपटून झणझणते. जोरात छेडली तर क्षणभर ताणली जाते, म्हणून सूर आधी चढा लागतो, मग जागेवर येतो. शिवाय एक तार उतरवली की गिटारच्या मानेवरचा भार हलका होतो आणि बाकीच्या तारा किंचित चढतात. त्यामुळे सहाही तारा दोनदा-तीनदा लावाव्या लागतात. त्यातून हा आमचा पावसाळा, लाकूड फुगलेलं.

झणझणण्यावरून एक आठवलं. गिटारवाल्याला जो दोष वाटतो, तोच तंबोऱ्यात जीव भरून हवा असतो. तिथे तार फ्रेटच्या धारेवर आपटत नाही, रुंद आणि किंचित गोलाकार घोडीला घासत जाते, आणि तारेखाली सरकवलेला दोरा ते घासणं नेमकं करतो. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं, की तार जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर निघायलाच नको, तिथे छेडली तरी या घोडीमुळे तो दणदणीत निघतो.

एवढं झाल्यावर लक्षात आलं, की बाबांची गायची पट्टी काळी एक. म्हणजे सहाही तारा आणखी अर्धा स्वर खाली, आणि जाड तारेचा ताण मूळच्या जेमतेम 70 टक्के. तशी लावली, तर ती पहिल्या फ्रेटवर चांगलीच झणझणू लागली. भाची नाक मुरडून म्हणाली, ‘आता जाड तारांचा सेट आणायला हवा.’ बाबांनी पेटी पुढे ओढली. ‘राहू दे गो तशीच,’ म्हणाले आणि सा धरला.