ताणलेलं हृदय आणि एनटी-प्रोबीएनपीचा आकडा

दम लागलाय, पाय सुजलेत अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की डॉक्टर हल्ली बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी सांगतात. हृदयाच्या पेशीतलं एक जनुक ताणामुळे किती जागं झालंय, ते या आकड्यावरून कळतं.

एनपीपीबी नावाचं हे जनुक गर्भाच्या हृदयात जोरात चालू असतं. जन्मानंतर निलयांमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, ते बरंचसं थंडावतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला किंवा महाधमनीची झडप अरुंद झाली, की निलयाची भिंत ताणली जाते आणि पेशीतल्या कॅल्शियमचे संकेत बदलतात. त्यामुळे कॅल्सिन्यूरिन हे विकर (एन्झाइम) एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, आणि मोकळं झालेलं एनफॅट केंद्रकात शिरून गाटा-४ या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने जनुक चालू करतं. त्याच वेळी दुसरं एक विकर एचडॅक प्रथिनांना फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर घालवतं. गर्भावस्थेतली जनुकं दाबून ठेवण्याचं काम हीच प्रथिनं करत होती.

या जनुकापासून १०८ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. ३२ आम्लांचं बीएनपी रक्तवाहिन्या सैल करतं, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण २० मिनिटांत निम्मं होतं. ७६ आम्लांचा एनटी-प्रोबीएनपी काही काम करत नाही, पण तासभर किंवा जास्त टिकतो. अचानक दम लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता फार कमी.

तरी आकडा फसवतो. फुप्फुसांत एकाएकी पाणी भरलं असेल, तर पहिल्या तासाभरात बीएनपी कमी दिसू शकतं. जनुकापासून नवं प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. लठ्ठ माणसात दोन्ही आकडे कमी येतात. मूत्रपिंड अधू असेल किंवा अलिंदांचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, ठोके अनियमित पडत असतील तर जास्त. सॅक्युबिट्रिल हे औषध बीएनपी मोडणाऱ्या विकराला अडवतं, म्हणून ते घेणाऱ्याचं बीएनपी औषधामुळेच वाढू शकतं. अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपीच पाहावं. पुन्हा तपासताना शक्यतो तीच लॅब, तीच चाचणी ठेवा. एकदा बीएनपी आणि पुढच्या वेळी एनटी-प्रोबीएनपी केलं, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.