पार्श्वभूमी: जुन्या बाईकचं मागचं चाक डुलतं त्याचं मूळ कुठंय

जुनी बाईक वळणावर मागून डुलायला लागली की आपण आधी टायरमधली हवा बघतो, मग व्हील बेअरिंग, आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, पुढच्या टोकाला चेसीशी सांधलेला आणि वरखाली हलणारा दांडा) आठवतो अगदी शेवटी (मी तर बेअरिंग दोनदा बदलून मोकळा झालो होतो). आठवला तरी पहिली गोष्ट सुचते ती ग्रीस मारायची, आणि इथेच गडबड होते, कारण त्या सांध्यात कसला बुश (सांध्याच्या पिनभोवती बसणारी नळी) आहे ते गाडी कुठल्या काळातली आहे त्यावर ठरतं.

सुरुवातीला हा सांधाच नव्हता, मागचं चाक थेट चेसीला आवळलेलं आणि दणके सीटच्या स्प्रिंगांनी आणि कंबरेने झेलायचे. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीने १९२८ पासूनच मागे सस्पेन्शन दिलं होतं, बाकीचे मात्र बरीच वर्षं हलले नाहीत. १९३८-३९ ला बीएमडब्ल्यू, नॉर्टनचं प्लंजर (चाकाचा अॅक्सल दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर सरळ वरखाली सरकतो) आलं, मग १९४९ ला बुलेट, १९५० ला नॉर्टनची रेसिंगची फेदरबेड चेसी, १९५४ ला ट्रायम्फ आणि बीएसए असे एकेक जण स्विंगआर्मवर आले.

या सांध्याची गोची अशी की तो पूर्ण फिरतच नाही, थोडेसेच अंश वरखाली होतो, त्यामुळे जिथे जोर येतो तिथलं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत येत नाही, वरून पाणी आणि चेनची घाण, त्यात चेन एकाच बाजूने ओढते. म्हणून बुश गोल न झिजता लांबट झिजतो.

यावर प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. फेदरबेड आणि बीएसएमध्ये सायलेंटब्लॉक, म्हणजे दोन स्टीलच्या नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर, त्यात घासण्यासारखं काही नाहीच त्यामुळे ग्रीसचा प्रश्नच नाही, फक्त नट आवळताना गाडीचं वजन चाकावर हवं नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बीएमडब्ल्यूने १९५५ ला सरळ टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचे) बेअरिंग घातले. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच जपानी गाड्यांत प्लास्टिकचे बुश, ते काढून लोक ब्राँझचे टाकतात आणि बरंच करतात.

प्ले (सांध्यातला ढिलेपणा) बघायचा तर डबल स्टँडवर लावून चेन, चाक आणि शॉकअप तिन्ही काढा, नाहीतर त्यांच्या ताणाने प्ले लपतो. मग आर्मची मागची टोकं धरून डावीउजवीकडे हलवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सांध्यावर बोट ठेवायला सांगा, टक् असं बोटाला लगेच कळतं. ब्राँझचा नवा बुश प्रेसने बसवला की आतून थोडा आवळतो, म्हणून लांब रीमर (भोक मापाला कापणारं हत्यार) एका बाजूने दोन्ही बुशमधून एका रेषेत काढावा लागतो. पिनवर नख फिरवताना झिजेच्या कडेत अडकलं तर पिनही बदला, जुन्या पिनवर नवा बुश म्हणजे पैसे पाण्यात.

सगळ्यात छळलं ते नॉर्टन कमांडोने, १९६७ ला पहिल्यांदा दिसलेली गाडी. तिच्या ब्राँझ बुशला १४० ग्रेडचं जाड ऑइल लागतं आणि लोक वर्षानुवर्षं ग्रीस भरत राहिले, ज्याने बुशच्या धातूतली तेल शोषणारी बारीक छिद्रंच बुजतात. त्यात पिन मधल्या एकाच बोल्टवर धरलेली, ती हलून हलून तिला धरणारी बाहेरची ट्यूबच खाते, मग बुश कितीही नवे टाका, प्ले तसाच. १९७५ च्या मार्क ३ मध्ये कंपनीने पिनच्या दोन्ही टोकांना कॉटर (पाचरीसारख्या खुंट्या) दिले. आधीच्या गाड्यांना लोक ट्यूबवर दोन नट वेल्ड करून बोल्टने पिन जाम करतात, दिसायला ओबडधोबड, पण टिकतं.