जॉन्सन, बेन

(१३ जून १९१८–८ एप्रिल १९९६). अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेता, स्टंटमन आणि रोडिओपटू (रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारी व फास टाकण्याच्या कौशल्यांची स्पर्धा). ओक्लाहोमा राज्यातील फोरेकर येथे पशुपालक कुटुंबात जन्म. निर्माता हॉवर्ड ह्यूजच्या ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी खरेदी केलेले घोडे पोचवायला तो १९४० मध्ये चित्रीकरणावर गेला. कुरणावर दिवसाला सुमारे एक डॉलर मिळत असे. इथला पहिला धनादेश ३०० डॉलरचा निघाला आणि तो हॉलिवूडमध्येच राहिला.

पुढची काही वर्षे त्याने घोडे सांभाळले आणि जॉन वेन, गॅरी कूपर या नटांच्याऐवजी धोक्याची दृश्ये केली. घोडा पाडायच्या दृश्यात जमीन आधी खणून, खडे वेचून मऊ करतात. भरधाव आलेला स्वार घोड्याचे तोंड एका बाजूला वळवून ओढतो आणि शिकवलेला घोडा कुशीवर पडतो. घोडा ज्या कुशीवर पडतो, त्या बाजूचा पाय स्वाराने रिकिबीतून वेळेत सोडवला नाही, तर तो घोड्याखाली चिरडला जातो. पायांत तार अडकवून घोडा पाडण्याची जुनी, क्रूर रीत १९४० पासून सुरू झालेल्या प्राणिरक्षक संस्थेच्या देखरेखीमुळे मागे पडली. त्यामुळे जॉन्सनसारख्या पक्क्या मांडीच्या स्वारांची किंमत वाढली.

‘फोर्ट अपाची’च्या (१९४८) चित्रीकरणात माणसांनी भरलेल्या गाडीचे घोडे उधळले. जवळच घोड्यावर असलेल्या जॉन्सनने ते आवरले. दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला सात वर्षांचा करार देऊ केला. ‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९), ‘वॅगन मास्टर’ (१९५०) आणि ‘रिओ ग्रँड’ (१९५०) हे त्यानंतरचे चित्रपट. ‘रिओ ग्रँड’मध्ये तो आणि हॅरी कॅरी ज्युनियर दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौडतात. दोन्ही घोड्यांची चाल जुळलेली नसेल, तर मधले अंतर वाढते आणि स्वार दोहोंच्या मध्ये कोसळतो. म्हणून गुडघे सैल, वजन मधोमध आणि लगाम सारखे ठेवावे लागतात. हे दृश्य त्यांनी बदली स्वाराविना केले. त्याच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम घोडेस्वारीचे दृश्य हेच मानावे लागेल.

फोर्डशी खटका उडाल्यावर त्याच्या चित्रपटांतून जॉन्सन बरीच वर्षे दूर राहिला. १९५३ मध्ये त्याने चित्रपट बाजूला ठेवून रोडिओ केला आणि ‘टीम रोपिंग’चे विश्वविजेतेपद मिळवले. या प्रकारात एक स्वार खोंडाच्या शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या पायांत. पहिल्याने खोंड ठरल्या दिशेला वळवला नाही, तर दुसऱ्याचा फास हुकतो. वर्षाची कमाई मात्र खर्चातच संपली. ‘शेन’मधली (१९५३) त्याची भूमिका याच वर्षी पडद्यावर आली.

नंतर ‘लॅरमी’, ‘बोनान्झा’, ‘गनस्मोक’ या मालिकांत तो पाहुणा कलाकार होता. ‘द मन्रोज’मध्ये (१९६६–६७) नियमित भूमिका मिळाली. मालिकांचे भाग मोजक्या दिवसांत उरकावे लागत. चेहरा दिसत असतानाही स्वतः दौडणारा नट तिथे फार उपयोगी पडे.

‘द वाइल्ड बंच’नंतर (१९६९) त्याच्याकडे ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) आला. संवाद फार आणि भाषा शिवराळ म्हणून त्याने आधी नकार दिला होता; फोर्डने मन वळवले. जेमतेम दहा मिनिटांच्या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. इथे त्याला घोडा लागला नाही. तळ्याकाठच्या दीर्घ स्वगतात केवळ आवाज आणि चेहरा पुरला.