१६ किलोहर्ट्झवरची कात्री : एमपी३ फाइलीतील वरच्या वारंवारता का हरवतात

भजनाच्या ध्वनिमुद्रणाची मूळ वेव्ह फाइल आणि तिच्यापासून सेकंदाला १२८ किलोबिट या दराने केलेली एमपी३ फाइल यांचे स्पेक्ट्रोग्रॅम (आवाजातील वारंवारता वेळेनुसार दाखवणारी चित्रे) एकाखाली एक ठेवले की फरक वेगळा सांगावा लागत नाही. मूळ फाइलीत टाळाच्या प्रत्येक आघाताची उभी रेघ चित्राच्या पार वरच्या कडेकडे गेलेली असते. एमपी३ मध्ये त्याच रेघा १६ किंवा १७ किलोहर्ट्झपाशी एका आडव्या ओळीत छाटल्यासारख्या थांबतात आणि वर नुसता काळा पट्टा उरतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला माइकमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडले आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही कात्री बहुतेक वेळा एन्कोडरने, म्हणजे एमपी३ फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने, जाणूनबुजून चालवलेली असते, आणि ती नेमकी तिथेच का चालते हे समजण्यासाठी या फॉरमॅटच्या घडणीकडे जावे लागते.

सुरुवात जर्मनीतील एर्लांगेन येथे झाली. दूरध्वनीच्या तारेवरून चांगल्या प्रतीचे संगीत पाठवता येईल का, हा प्रश्न प्राध्यापक डीटर झाइट्सर यांनी १९७० च्या दशकात घेतला आणि त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी तो पुढे नेला. अडचण सरळ हिशोबाची होती. सीडीवरील स्टिरिओ आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, तर आयएसडीएन या डिजिटल दूरध्वनी जोडणीच्या एका वाहिनीवर ६४ आणि दोन मिळून १२८ किलोबिटच मावतात. म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून द्यायचे आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मोठ्या आवाजाच्या सावलीत जवळच्या वारंवारतेचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, या जुन्या निरीक्षणावर सारी भिस्त होती. १९८८ साली एमपेग ही ध्वनी-चित्राची मानके ठरवणारी समिती स्थापन झाल्यावर ब्रांडेनबुर्ग यांच्या गटाची अ‍ॅस्पेक पद्धत आणि फिलिप्स व इतरांची म्युझिकॅम पद्धत समोरासमोर आल्या. त्यातून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात तीन स्तर आले. तिसऱ्या स्तरात आवाजाचे वारंवारतेनुसार ३२ पट्टे करणारी म्युझिकॅमची गाळणी आधी बसवली गेली आणि प्रत्येक पट्ट्याचे पुढे १८ तुकडे करून एकूण ५७६ रेषा, म्हणजे वारंवारतेचे अरुंद भाग, काढल्या गेल्या. ही तडजोड फारशी देखणी नव्हती, पण चालली.

या ५७६ रेषा २२ गटांत वाटलेल्या आहेत. प्रत्येक रेषेची किंमत किती बारकाईने नोंदवायची हे ठरवणारी एक सामाईक मोजपट्टी असते, तिला ग्लोबल गेन म्हणतात. त्याशिवाय गटागटाला स्वतःचा स्केल फॅक्टर असतो, ज्यामुळे त्या गटापुरती मोजपट्टी अधिक बारीक करता येते, मात्र अधिक ढोबळ करता येत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे : स्केल फॅक्टर फक्त पहिल्या २१ गटांना दिलेले आहेत. शेवटच्या गटाला तो नाहीच. ४४.१ किलोहर्ट्झ नमुना दराच्या (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेल्या) फाइलीत हा अनाथ गट ४१८ व्या रेषेपासून सुरू होतो, आणि एका रेषेची रुंदी सुमारे ३८.३ हर्ट्झ धरली तर ती जागा बरोबर १६ किलोहर्ट्झवर येते. तिच्यावरच्या १५८ रेषा नीट नोंदवायच्या असतील तर सामाईक मोजपट्टीच बारीक करावी लागते. तसे केले की खालचे सगळे गटही गरज नसताना बारीक मोजले जातात आणि बिट वाहून जातात. व्हरांड्यातल्या दिव्याचा उजेड वाढवण्यासाठी अख्ख्या घराच्या विजेचा दाब वाढवावा, तसा हा प्रकार आहे.

एन्कोडर लिहिणाऱ्यांपुढे मग दोनच वाटा उरल्या : वरच्या गटातला खरखराट सोसायचा किंवा तो गट आधीच कापून टाकायचा. १९९८ साली माइक चेंग यांनी सुरू केलेल्या लेम या एन्कोडरमध्ये दोन्हींचा मिलाफ दिसतो. बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) जितका कमी तितकी लोपास फिल्टरची, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरचे अडवणाऱ्या गाळणीची, सीमा खाली, असा तक्ता त्यात आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत १२८ किलोबिटला ती साधारण १७, १९२ ला १८.६ आणि ३२० ला २०.५ किलोहर्ट्झ असते. सीमा हाताने बदलता येते. पण ‘सगळे राहू दे’ म्हणून १२८ किलोबिटला फिल्टर काढून टाकणाऱ्याला स्पेक्ट्रोग्रॅममध्ये वर ठिगळे दिसू लागतात आणि खाली, जिथे कान खरोखर तीक्ष्ण असतो, तिथे आवाज चिरकतो. चित्र भरलेले दिसावे म्हणून गाणे बिघडवण्यात माझ्या मते काही शहाणपण नाही, विशेषतः वयाबरोबर ऐकण्याची वरची मर्यादा उतरत जाते हे लक्षात घेता.

तरीही प्रत्येक कात्री लोपास फिल्टरची नसते, म्हणून तपासाची सुरुवात मूळ फाइलीपासूनच करावी. आकाशवाणीच्या एफएम प्रक्षेपणावरून टिपलेल्या कार्यक्रमात १५ किलोहर्ट्झच्या वर संगीत नसतेच, कारण स्टिरिओ एफएममध्ये १९ किलोहर्ट्झला पायलट स्वर (रेडिओला स्टिरिओची खूण देणारा अखंड स्वर) असतो आणि त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. त्या ठिकाणी दिसणारी बारीक अखंड आडवी रेघ हा या मुळाचा पुरावा असतो. हानिरहित (आवाजातले काहीही न टाकता साठवलेली) म्हणून मिळालेली फाइल १६ किलोहर्ट्झला सपाट थांबत असेल तर ती आधी कधीतरी एमपी३ होती असा दाट संशय घ्यावा. मूळ फाइल स्वच्छ असल्यास नमुना दर पाहावा. स्टिरिओ फाइल ६४ किलोबिटला केली की लेम न विचारताच ती २४ किलोहर्ट्झ नमुना दरावर आणू शकतो, आणि नमुना दराच्या निम्म्याच्या वरची वारंवारता साठवताच येत नसल्याने मग १२ किलोहर्ट्झच्या वर काही उरणे गणितानेच अशक्य होते; तिथे फिल्टरची सीमा कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही, आधी नमुना दर पक्का करावा लागतो. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत १६ च्या वरचा भाग क्षणात येतो, क्षणात जातो. तो बिघाड नाही, तर त्या त्या क्षणी शेवटच्या गटाचे काय झाले याची ती नोंद असते.

१९९७ च्या एएसी या पुढच्या फॉरमॅटमध्ये ही चूक सुधारली गेली आणि वरपर्यंतच्या प्रत्येक गटाला स्केल फॅक्टर मिळाला. तरी कमी बिटरेटला एएसीचे एन्कोडरही वरचा भाग कापतात, कारण स्केल फॅक्टर असला तरी बिट कुठून तरी आणावेच लागतात. २०१२ साली मानक झालेल्या ओपस या फॉरमॅटने तर मर्यादा रचनेतच लिहून ठेवली : नमुना दर ४८ किलोहर्ट्झ असूनही २० किलोहर्ट्झच्या वरचे त्यात काहीच साठवले जात नाही, आणि तिथे कोणताही पर्याय बदलून ती ओळ वर सरकत नाही.