तळणीचा वास घरात का रेंगाळतो?

मुंबईतल्या छोट्या फ्लॅटमध्ये दुपारी बोंबील तळले की रात्री अंथरुणा-पांघरुणालाही त्यांचा वास येतो, आणि अनेक घरांत त्यावर उपाय म्हणून उदबत्ती लावली जाते. उदबत्तीने तो वास जात नाही. तिच्या धुराचे सूक्ष्म कण हवेत वाढतात आणि नाकाला काही काळ दुसरा, अधिक तीव्र गंध जाणवतो. वास म्हणजे पदार्थाचेच हवेत मिसळलेले रेणू असल्यामुळे ते घराबाहेर काढावे लागतात किंवा रासायनिक क्रियेने त्यांचे रूप पालटावे लागते.

माशाच्या वासाबाबत हा दुसरा मार्ग सोपा आहे. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन संयुग असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात. याचा उत्कलनबिंदू सुमारे ३ अंश सेल्सिअस असल्याने मुंबईच्या हवेत ते सहज पसरते. मात्र ते आम्लारिधर्मी असल्यामुळे लिंबू, चिंच किंवा कोकमाच्या आगळातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. माशाला आगळ चोळण्याची कोकणी रीत म्हणूनच रसायनशास्त्राच्या कसोटीवरही पक्की उतरते. मासे कापलेली पाटी, विळी आणि हात यांनाही लिंबू चोळून मग साबणाने धुवावे. येथे खाण्याचा सोडा फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो स्वतःच आम्लारिधर्मी आहे. नासलेल्या दुधाच्या आंबट वासावर तो चालतो.

तळणीचा वास मात्र अधिक चिवट असतो. तापलेल्या तेलातून अल्डिहाइड गटातील तीव्र वासाची संयुगे निघतात आणि त्यांच्यासोबत तेलाचे अतिसूक्ष्म थेंबही उडतात. हे थेंब टाइल्सवर, पंख्याच्या पात्यांवर, कपाटांच्या माथ्यावर आणि पडद्यांवर बसतात. वासाचे बरेच रेणू तेलात विरघळणारे असल्यामुळे या पातळ थरात ते साठून राहतात आणि पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस, हळूहळू बाहेर पडत राहतात. शिवाय हवेतील ऑक्सिजनमुळे तो थर स्वतःही खवट होतो. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवूनही वास परत येतो तो यामुळेच. म्हणून ओटा, शेगडी आणि मागची भिंत गरम पाण्याने व भांड्यांच्या साबणाने त्याच दिवशी पुसणे हा माझ्या मते सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे, कारण ताजा थर सहज निघतो, तर जुना थर ऑक्सिजनमुळे घट्ट आणि चिकट होतो.

हवा खेळती ठेवताना वाऱ्याची दिशा पाहायला हवी. मुंबईत दुपारी समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा येतो, आणि पावसाळ्यातही तो मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येचाच असतो. स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर तिथली खिडकी उघडल्याने वास उलट आतल्या खोल्यांत ढकलला जातो. अशा वेळी स्वयंपाकघराचे दार लोटून एक्झॉस्ट फॅन लावावा, पण बाहेर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला दुसऱ्या खोलीची खिडकी आणि दाराची फट थोडी उघडी हवी. चिमणी असल्यास ती तेल तापण्यापूर्वी सुरू करून तळण संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी आणि कढई शक्यतो भिंतीकडच्या बर्नरवर ठेवावी. ज्या चिमणीची नळी इमारतीबाहेर जात नाही, ती गाळलेली हवा पुन्हा घरातच सोडते, त्यामुळे तिच्यातील कोळशाचा फिल्टर वेळच्या वेळी बदलला नाही तर ती वासाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरते.

पावसाळ्यात घरातल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचीही काळजी घ्यावी लागते, कारण कापडाच्या धाग्यांवर हे थेंब आणि वासाचे रेणू सहज बसतात. तळणीच्या दिवशी ते कपडे आतल्या खोलीत नेऊन दार लावून घ्यावे.